दुसऱ्या बाजूचं पाकीट

१४ मार्च, मंगळवार. हल

आज चव्वेचाळिसावा नकार आला. ‘यंदा अर्जांचा दर्जा विलक्षण उंच होता, त्यामुळे खेदाने कळवावे लागते की...’ दर वर्षी उंचच असतो मेला. एखादं वर्ष तरी बुटकं निघेल म्हणून मी तीन वर्षं वाट पाहतेय.

तर मी, कोरीन स्टॅदर्स, वय पंचवीस, कायद्याची पदवीधर आणि सध्या हल शहरात घोड्यांवर पैजा घेणाऱ्या बुकीच्या दुकानात काउंटरवर, स्वतःला लेखी बजावते की हे वर्ष शेवटचं. एखाद्या फर्मने दोन वर्षांची उमेदवारी दिली तर सॉलिसिटर व्हायचं, नाहीतर विषय बंद. दुकानाचा मॅनेजर टेरी ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय आणि त्याची खुर्ची मला द्यायला वरचे लोक तयार आहेत. ३१ जुलैपर्यंत हो की नाही सांगायचंय.

दुपारी विद्यापीठातल्या मार्गदर्शन खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी माझा अर्ज वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, “बुकीचं दुकान असं उघड नको गं लिहूस. ‘ग्राहकसेवा क्षेत्रातला अनुभव’ असं लिही.”

म्हटलं, “आणि मुलाखतीत विचारलं कुठली ग्राहकसेवा, तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघता येईल.”

ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि वर वकील म्हणवून घ्यायचं! घरी येऊन मी लंडनच्या लिडेल मार्चबँकचा फॉर्म भरायला घेतला. त्यात प्रश्न होता, ‘दबावाखाली योग्य निर्णय घेतल्याचा प्रसंग लिहा.’ बाकीची मंडळी हॉकीच्या कप्तानपदाबद्दल लिहितात. मी लिहिलं की घोडे सुटल्यावर पैजेची चिठ्ठी घ्यायची नाही हा आमचा नियम. गेल्या नाताळात माझा सख्खा मामा दहा सेकंद उशिरा चिठ्ठी घेऊन आला. मी घेतली नाही. तो घोडा पहिला आला. मामा अजून माझ्याशी बोलत नाही.

पाठवून दिलं. घ्यायचं तर घ्या.

३ मे, बुधवार

लिडेल मार्चबँकची पहिली मुलाखत कॅमेऱ्याशी झाली. समोर माणूस नाही, पडद्यावर प्रश्न उमटतो, दोन मिनिटं बोलायचं आणि गप्प बसायचं. ‘आमचीच फर्म का?’ या प्रश्नाला मी कॅमेऱ्याला म्हटलं, “कारण तुम्ही अजून नाही म्हटलेलं नाही.” मग भान येऊन उरलेलं दीड मिनिट नीट बोलले. आईने दाराआडून सगळं ऐकलं. म्हणाली, “तुझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं, आणि किल्ली हंबर नदीत टाकायला हवी.”

९ जून, शुक्रवार

बोलावलं! जुलैचे पहिले दोन आठवडे, लंडन. फर्ममध्ये काम करायचं, ते आपल्याला बघणार, शेवटी दोघांना उमेदवारी. एकूण सहाजण आहेत.

आईने कॅरॅव्हॅनच्या कारखान्यातून, जिथे ती पडदे शिवते, रजा काढून माझ्या सुटाची विजार उंचीला बसवली. शिवताना पुटपुटत होती, “कापड चांगलं आहे, माणूस तिखट आहे.”

३ जुलै, सोमवार. लंडन

पहिला दिवस. दारात गेनर प्रॅटली नावाच्या बाईंनी गळ्यात अडकवायची नावं वाटली. पन्नाशीच्या, वेल्श, भरती खात्यात अकरा वर्षं आहेत. खोल्या, जेवण, फायली, पाकिटं सगळं त्याच बघतात. माझं नाव बघून म्हणाल्या, “तूच का ती मामाला हाकललेली? अख्ख्या खात्याने वाचलाय तुझा अर्ज.” वाचलाय म्हणजे हसले असणार. मी म्हटलं, “मिळालं का मनोरंजन?” त्या जरा गोंधळल्या.

भरतीच्या प्रमुख मिसेस ऑर्म्सबी. अंगाने काटकुळ्या, केसांत खोचलेली पेन्सिल. त्यांचं भाषण एवढंच: “मार्क सगळ्यांनाच आहेत. आम्ही बघतो ते कुणाचंच लक्ष नसताना तुम्ही कसे वागता ते.” म्हणजे लक्ष असतंच!

माझ्या गटात दोघं आहेत. इफेओमा, इथल्याच पेकहॅम भागातली, कमी बोलते पण बोलली की ठसका लागतो. आणि लूडो. केंब्रिज. नावाप्रमाणेच सोंगटीसारखा गोल आणि लाल. पहिल्या पाच मिनिटांत त्याने तिघांना सांगितलं की त्याचे वडील न्यायाधीश आहेत. इफेओमा म्हणाली, “माझेही वडील रोज कोर्टात असतात. तिथे फरशी पुसतात.” लूडो आणखी लाल झाला.

५ जुलै, बुधवार

इथली एक रीत समजली. फर्ममधली गेल्या वर्षी लागलेली पोरं आपल्याला ‘फक्त कॉफीला’ नेतात. ‘ही कॉफी धरायची नाही हं, मनमोकळं बोल,’ असं म्हणतात. आणि परत आल्यावर त्याच मनमोकळ्या गोष्टींवर अर्धं पान लिहून ऑर्म्सबीबाईंना देतात. इफेओमाने हे छापणीच्या यंत्रावर विसरलेल्या कागदावरून शोधलं.

म्हणून आज माझ्या वाट्याच्या पोराने “मनमोकळं सांग, आणखी कुठे अर्ज केलेत?” विचारल्यावर मी म्हटलं, “चव्वेचाळीस ठिकाणी. लिहून घे, स्पेलिंग सांगू का?” बिचाऱ्याची कॉफी नाकातून आली.

११ जुलै, मंगळवार

आज सगळं संपलं. क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे मला कुणी विचारलं की काय झालं होतं तर निदान मला तरी ठाऊक असेल.

सकाळी वाटाघाटींची परीक्षा होती. खोटा व्यवहार: एक म्हातारा आपला बिस्किटांचा कारखाना विकतोय. आम्ही तिघं विकणाऱ्याकडून, दुसऱ्या गटातली टॅबिथा आणि तिचे दोघं घेणाऱ्याकडून. प्रश्न एकच, नवा मालक जुन्या कामगारांना किती वर्षं ठेवणार. प्रत्येक गटाला आपल्या पक्षकाराची गुपितं असलेलं एक बंद पाकीट.

मोठ्या खोलीत दोन टेबलं. आमच्या नावाच्या पाट्या खिडकीकडच्या टेबलावर, टॅबिथाच्या भिंतीकडच्या. पाकिटं आधीच ठेवलेली. आम्ही बसलो तोच पेनहेल आले. फर्मचे मोठे भागीदार, परीक्षक तेच. खुर्चीवर टेकले आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाले, “ऊन येतंय. मला तुमची तोंडंच दिसत नाहीत. खिडकीवाले तिकडे जा, तिकडचे इकडे या. बोलकी माणसं सावलीत बरी.” मग आम्ही पाट्या उचलून भिंतीकडे गेलो. नदी दिसणारी इतकी छान जागा होती, ती गेली. गेनर कॉफी आणायला गेल्या होत्या, परत आल्या तेव्हा आम्ही बसलेलो होतो. मग पाकिटं घेऊन तयारीला वेगवेगळ्या छोट्या खोल्यांत वीस मिनिटं.

मी पाकीट फोडलं. वर ठळक अक्षरांत ‘खरेदीदाराचे गोपनीय टिपण’. आणि डोळा पुढच्या ओळीवर गेलाच: ‘भट्ट्या हलवता येत नसल्याने कारखाना इथेच चालवणे आम्हाला भाग आहे.’ म्हणजे कामगार त्यांना हवेच आहेत! आम्ही दहा वर्षं मागितली असती तरी त्यांनी दिली असती.

मी कागद पालथा घातला. “हे आपलं नाही.”

लूडो म्हणाला, “असेना. वाच पुढे.”

“समोरच्याचा खाजगी कागद चुकून हातात आला तर वाचायचं थांबवायचं आणि परत द्यायचा. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.”

“खऱ्या व्यवहारात! ही परीक्षा आहे, कोरीन. म्हातारा खोटा, बिस्किटं खोटी.”

“मग आपणच तेवढे खरे आहोत ना?”

तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “तुला तिथे हलमध्ये तुझं ते दुकान तरी आहे परत जायला. मी घरी काय तोंड दाखवू?” मला हसूच आलं. न्यायाधीशाच्या मुलाला तोंडाची चिंता! इफेओमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला तो कागद वाचावासा वाटतोय, म्हणून लवकर घेऊन जा.”

मी टॅबिथाच्या खोलीत गेले. “हे तुमचं. आमचं तुमच्याकडे असेल.” ती गोड हसून म्हणाली, “हो का? आम्ही अजून बघितलंही नाही.” आणि मला आमचं पाकीट दिलं. तोंड फाडलेलं.

मग वाटाघाटी. बसण्याआधी मी पेनहेलना सांगितलं की पाकिटांची अदलाबदल झाली होती, परत केली. ते म्हणाले, “बरं, बरं, सुरू करा.” आमच्या म्हाताऱ्याचं गुपित हे की बायको आजारी आहे, नाताळाच्या आत त्याला मोकळं व्हायचंय, पडेल ते मान्य करेल. टॅबिथाने पहिल्याच वाक्याला विचारलं, “तुमच्या पक्षकाराच्या घरची तब्येत कशी आहे?” आम्ही दहा मागितली, एकावर आलो. एक वर्ष! खोटे का होईना, दोनशे कामगार मी घरी बसवले.

लूडो माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. जा. मी उद्याही तेच करेन आणि परवाही.

१२ जुलै, बुधवार

सगळे म्हणतात ते पाकीट मुद्दाम बदललं होतं, परीक्षेतली परीक्षा. तसं असेल तर फारच हलकट लोक आहेत. नसेल तर टॅबिथा जिंकली आणि मी गेले. दोन्हीकडून आनंदच आहे.

दुपारी गेनर छापणीच्या यंत्राशी तोंड फिरवून उभ्या होत्या. डोळे लाल. विचारलं तर म्हणाल्या, “परागकणांची ॲलर्जी गं, जुलैत होते मला.” मी माझ्याजवळच्या गोळ्या दिल्या. या इमारतीत एक खिडकी उघडत नाही, तरी कुठून येतात परागकण कोण जाणे.

१४ जुलै, शुक्रवार

अखेरची मुलाखत. समोर पेनहेल आणि ऑर्म्सबीबाई.

पेनहेल म्हणाले, “मंगळवारी तुमच्या खोलीत तो कागद वापरावा असं कुणी म्हटलं होतं का?”

“खोलीत काय बोललं गेलं ते खोलीत.”

“इथे प्रामाणिकपणाला किंमत आहे, मिस स्टॅदर्स.”

“प्रामाणिकपणाला आहे, पण चुगलीला मी ती मिळू देणार नाही.”

ऑर्म्सबीबाईंनी लगेच बुकीच्या दुकानाचा विषय काढला. एकदा नाही, तीनदा! घोडे सुटल्यावर काय करता, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर काय, साहेबानेच सांगितलं तर काय. मला त्या बाईचा असा राग आला. माझ्या दुकानाची खिल्ली उडवायला हीच वेळ सापडली का? मी ताठ मानेने सगळं सांगितलं, काच फोडणाऱ्या गिऱ्हाइकासकट. त्या भराभरा लिहून घेत होत्या. पेनहेल घड्याळ बघत होते.

शेवटी त्यांचा तो ठरलेला प्रश्न, “या दोन आठवड्यांत कुठली गोष्ट वेगळी केली असती?” सगळे यावर ‘मी यातून शिकले’ असं म्हणतात. मी म्हटलं, “काहीच नाही.”

बाहेर गेनर दिसल्या नाहीत. जाताना त्यांचा निरोप घ्यायचा होता. टेबलही आवरलेलं होतं.

२४ जुलै, सोमवार. हल

मिळाली! मिळाली! मिळाली!

दुपारी दुकानात, न्यूमार्केटची रेस सुरू असताना पेनहेलनी स्वतः फोन केला. म्हणाले, “त्या पाकिटाच्या प्रसंगामुळेच निर्णय झाला. अशी माणसं आम्हाला हवी असतात.” चौदा दिवसांची मुदत आहे, ७ ऑगस्टच्या संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा. दुसरी जागा टॅबिथाला. म्हणजे अशीही माणसं हवी असतात आणि तशीही! असोत.

शेवटी ते म्हणाले, “आणि तो घोळ जिच्यामुळे झाला तिला आम्ही निरोप दिलाय. काळजी नसावी.” मी ‘थँक यू’ म्हटलं.

आईला कारखान्यात फोन केला. तिने अख्ख्या पडदेखात्याला ओरडून सांगितलं. येताना पॅटी आणि चिप्स घेऊन आली, आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ल्या. मामाचासुद्धा निरोप आला: ‘कोरीला सांगा, तो घोडा मात्र घ्यायला हवा होता.’

२५ जुलै, मंगळवार

मी ‘थँक यू’ म्हटलं. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

निरोप दिला म्हणजे गेनरना. पाकिटं त्यांनीच ठेवली होती. मी ११ तारखेचं पान काढून वाचलं. सगळं माझ्याच हस्ताक्षरात आहे. गेनरनी पाकिटं बरोबरच ठेवली होती! खिडकीकडे विकणाऱ्यांचं, भिंतीकडे घेणाऱ्यांचं. पेनहेलनी माणसं बदलली, पाट्या आम्ही नेल्या, पाकिटं जागेवर राहिली. आणि मला काय दिसलं, तर नदी दिसणारी जागा गेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्याशाच्या फाशीवर माझी नोकरी!

मी सगळं लिहून काढलं, तारखेसकट, आणि पेनहेल व ऑर्म्सबीबाई दोघांनाही ईमेल केला. शेवटी लिहिलं, ‘ज्या घोळामुळे तुम्ही मला निवडलंत तो तुमच्या हातून झाला. मिसेस प्रॅटली यांना दिलेला निरोप मागे घ्यावा. तोवर मी होकार कळवू शकत नाही.’

आईने वाचलं आणि कपाळावर हात मारला. “आधी सही कर, मग तत्त्वं काढ! उलटं कोण करतं?”

“सही केल्यावर तत्त्वांना विचारतो कोण?”

“तीन वर्षं तू त्या दाराशी उभी आहेस, कोरी. आता उघडलंय तर उंबऱ्यावर बसून भांडतेस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.”

ती चिडून बाहेर गेली आणि शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “तिच्या बापासारखी नाही हो ती, कुणापुढे वाकायची नाही.” म्हणजे तिथेही माझी बदनामीच.

२७ जुलै, गुरुवार

लूडोचा फोन. मला वाटलं शिव्या द्यायला केलाय. म्हणाला, “अभिनंदन. मी मुलाखतीत त्यांना सांगितलं की कागद वापरायचं मीच म्हणत होतो आणि कोरीनने अडवलं.”

“तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?”

“कुणी नाही. तू सांगितलं असशीलच ना, म्हटलं आपण आधी सांगावं.”

“मी नाही सांगितलं.”

मग मी त्याला त्या दिवशीच्या उन्हाचं विचारलं. त्याला सगळं आठवत होतं, ‘बोलकी माणसं सावलीत बरी’ हेसुद्धा. म्हणाला, “मी लिहून देतो. माझं आता आणखी काय जाणार?” वडिलांना सांगितलंस का विचारलं, तर म्हणाला त्यांनी पेपर खाली न घेता ‘अच्छा’ म्हटलं. त्याला सोंगटी म्हटल्याचं मागे घेते.

इफेओमा मात्र नाही म्हणाली. “मला पुढच्या वर्षी याच गल्लीत दारं ठोठवायचीत, कोरीन. तुझ्या हातात पत्र आहे म्हणून तुला ताठ उभं राहता येतं.” मी रागाने फोन ठेवला. मग पुन्हा करून माफी मागितली. तिचं बरोबर आहे.

२८ जुलै, शुक्रवार

ऑर्म्सबीबाईंचा फोन. मागे बसचा आवाज, म्हणजे रस्त्यावरून बोलत होत्या. कोरड्या ठाक. “कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मी काहीही बोलू शकत नाही. तुम्ही जे लिहिलंत ते त्याच दिवशी लिहिलं होतं का? तारीख आहे? त्या पानाची प्रत टपालाने पाठवा. ऑफिसात नको, पत्ता लिहून घ्या.” आणि फोन बंद. एवढंच! गेनरबद्दल हळहळीचा एक शब्द नाही. अकरा वर्षं शेजारी बसलेली बाई गेली आणि हिला तारखेची पडलीय. प्रत पाठवली, लूडोचं पत्रही जोडलं, पण आशा नाही.

३१ जुलै, सोमवार

दुकानाची मुदत संपली. टेरी म्हणाला, “काय ते एकदा बोल, पोरी, मला वर कळवायचंय.” लंडनचा होकार दिलेला नाही आणि मॅनेजरची खुर्ची धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्याची अडवणूक. शेजारच्या काउंटरवरची शेरिल आठ वर्षं त्या जागेची वाट बघतेय. मी नाही म्हटलं.

आता माझ्या हातात एक न स्वीकारलेली नोकरी आहे आणि एक नाकारलेली. आई दिवसभर माझ्याशी फक्त ‘मीठ दे’ एवढंच बोलली. मी भ्यायले आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

२ ऑगस्ट, बुधवार

गेनरचा फोन आला. माझ्या ईमेलचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं आभार मानतील. मी खुर्ची ओढून आरामात बसलेसुद्धा.

“तुला कुणी सांगितलं होतं गं?”

मी चाचरले. “अन्याय झालाय तुमच्यावर.”

“झालाय ना. माझ्यावर झालाय. मग मला विचारायचं नाहीस? अकरा वर्षं त्या लोकांनी मला न विचारता माझं सगळं ठरवलं, आता तूही तेच करतेस. ‘निरोप मागे घ्यावा’ म्हणे! मला परत जायचंय का तिथे? त्या माणसाला मी त्याच दिवशी सांगितलं होतं की पाकिटं बरोबर होती. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या बहिणीच्या गावात, स्वॉन्झीत, शाळेच्या ऑफिसात जागा आहे, मला तिथे जायचंय. पण शाळेने शिफारसपत्र मागितलंय आणि यांनी त्यात ‘निष्काळजीपणा’ लिहिलाय.”

त्याच पुढे म्हणाल्या, “तू माझ्यासाठी भांडतेयस की तुला त्यांच्याशी भांडायचंय म्हणून?”

मी खरं ते सांगितलं. “दोन्ही.”

“मग निदान माझ्या उपयोगाचं भांड. नोकरी नको मला. तो एक शब्द काढायला लाव.”

फोन ठेवल्यावर मी परसात जाऊन रडले. लाजेने. आईने खिडकीतून बघितलं आणि चहा आणून न बोलता पायरीवर ठेवला. मग मी दुसरा ईमेल लिहिला, दोनच ओळींचा. आधीची मागणी मागे घेते. मिसेस प्रॅटलींच्या शिफारसपत्रातला तो शब्द काढा आणि चूक कुणाची होती ते लिहा. या वेळी पाठवण्याआधी गेनरना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “‘कृपया’ घाल.” मी म्हटलं, “नाही घालणार.” त्या पहिल्यांदा हसल्या.

७ ऑगस्ट, सोमवार

आज पाचला मुदत संपणार. सकाळपासून काही नाही. बारा वाजले, दोन वाजले. आई आज कारखान्यात गेलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली आणि स्वयंपाकघरातला एकच ओटा तीनदा पुसला.

साडेतीनला गेनरचा फोन. शाळेत नवीन पत्र पोचलंय. त्यांनी वाचून दाखवलं, दर शब्दाला थांबत: “‘११ जुलैच्या प्रसंगी पाकिटांची मांडणी अचूक होती. बैठकव्यवस्था ऐनवेळी मी बदलल्याने गोंधळ झाला. अकरा वर्षांत मिसेस प्रॅटली यांच्या कामात मला एकही चूक आढळलेली नाही.’ खाली त्याची सही आहे, कोरीन. शाईची.” मग म्हणाल्या, “ऑर्म्सबीने तुझं पान सगळ्या भागीदारांच्या बैठकीत ठेवलं म्हणे. स्वतः वाचून दाखवलं. तिलाही आता तिथे फार दिवस नाहीत असं दिसतंय, पण तिला त्याचं काही नाही.”

ऑर्म्सबीबाई! ज्यांच्याविषयी मी इथे पानंच्या पानं काय काय लिहिलंय. आणि घोडे सुटल्यावर साहेबानेच सांगितलं तर काय, हे त्या मला का विचारत होत्या ते आत्ता कळतंय: साहेबापुढे मी वाकते का, तेच बघत होत्या. मला माणसं वाचता येतात असा मला तीन वर्षं भ्रम होता.

साडेचारला पेनहेल. आई ओट्यापाशी फडकं हातात घेऊन उभी.

ते म्हणाले, “मी मिसेस प्रॅटलींना पत्र दिलंय. तुमच्या सांगण्यावरून नव्हे.”

“कुणाच्या का असेना, दिलंत ना.”

“माझा आठवडा फार वाईट गेला, मिस स्टॅदर्स.”

“त्यांचे चार गेले.”

पलीकडे खुर्ची करकरली. “तुमचा होकार अजून आलेला नाही.”

“अर्धा तास आहे अजून. तुमचा नकार येतोय का ते बघत होते.”

“दिलेली जागा आम्ही काढून घेत नाही. इथल्या उमेदवारांना एकेका भागीदाराच्या खोलीत, त्याच्या समोरच्या टेबलावर सहा सहा महिने बसावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. कुणी कुठे बसायचं ते मिसेस ऑर्म्सबी ठरवतात. तुमच्या बाबतीत मी ठरवलंय. पहिले सहा महिने माझ्या खोलीत.”

“का?”

“मला तुमच्यावर लक्ष ठेवायचंय.”

आई डोळे वटारून मानेने ‘गप्प बस, गप्प बस’ करत होती.

मी म्हटलं, “चालेल. मलाही तुमच्यावर ठेवायचंय.”

आणि पाच वाजायला वीस मिनिटं असताना होकार पाठवला.